‘त’ म्हणजे ताकभातच कशावरून?

प्रश्न : रविवारी जेवणं झाल्यावर टीव्हीवर ‘गोलमाल ३’ लागला होता. त्यात श्रेयस तळपदे तोतरा बोलतो. घरातले सगळे पोट धरून हसत होते. माझा चौदा वर्षांचा भाचा सुट्टीला आला आहे, तो स्वतः अडखळत बोलतो. तोही हसला. मग पाणी प्यायला म्हणून उठला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून डोक्यात घोळतंय. तोतरं बोलणं ऐकून माणसाला हसू का येतं? आणि सिनेमातला तोतरा कायम विनोदी नाहीतर बावळटच का असतो?
ता. क. : आमच्या आईचं म्हणणं, लहानपणी जिभेला वेखंड लावलं असतं तर ही वेळ आली नसती. खरं का?
— एक मामा, इस्लामपूर

उत्तर : मामा, आधी कबुली देतो. मीही हसलेलो आहे. पाचवीत आमच्या वर्गात एक मुलगा होता, हजेरीपटावर त्याचा नंबर सतरा. सोळा नंबर पुकारला की सगळा वर्ग माना वळवून बसायचा. ‘हजर’मधला ‘ह’ त्याच्या घशातून सुटायचाच नाही. गुरुजी पटावरून नजर न उचलता गैरहजेरी मांडायचे आणि वर्गात हशा पिकायचा. पुढे त्यानं एक युक्ती काढली. सोळा नंबरवाल्यानं ‘हजर’ म्हटलं की त्याच क्षणी आपलाही ‘हजर’ त्यात मिसळून टाकायचा. दोघं एकदम म्हणाले की त्याचा ‘ह’ बिनबोभाट सुटायचा. आम्हाला ती लबाडी वाटली होती. त्यात शास्त्र आहे हे कळायला मला तीस वर्षं लागली. त्याकडे पुढे येतो.

हसू का येतं? बोलण्याला ताल असतो आणि ऐकणारा त्या तालावर पुढचा शब्द मनात आधीच टाकून बसलेला असतो. बोलणारा मध्येच अडला की अंधारात जिन्याची पायरी चुकावी तसं ऐकणाऱ्याचं होतं. तो अवघडतो. त्यातून सुटायला कोणी हसतो, कोणी नजर वळवतो, आणि सज्जन माणूस समोरच्याचा शब्द स्वतःच पुरा करून टाकतो. या शेवटच्या प्रकाराला आपण मदत समजतो. मराठीत तर तो गुणच मानला आहे : ‘त’ म्हटलं की ताकभात ओळखणारा तो हुशार. पण समोरच्याला तांबडा भोपळा म्हणायचं असेल तर? तो पुन्हा पहिल्यापासून ‘त’शी झटापट करतो, नाहीतर दमून ‘हो, ताकभातच’ म्हणतो आणि नको असलेला ताकभात खातो.

यात अतिशयोक्ती नाही. अडखळणारी माणसं हॉटेलात हवं ते मागत नाहीत, उच्चारता येईल ते मागतात. आपल्या गावाचं नाव ओठांवर येत नसेल तर एसटीत पुढच्या थांब्याचं तिकीट काढतात आणि जास्तीचे पैसे देऊन आपल्या गावी उतरतात. वाक्य सुरू असतानाच मनात शब्द बदलत जाण्याची ही कसरत दिवसभर चालते आणि ती इतकी सफाईदार होते की शेजाऱ्यालाही पत्ता लागत नाही. फक्त स्वतःच्या नावाला पर्यायी शब्द नसतो. म्हणून ‘नाव काय तुझं?’ हा जगातला सर्वांत सोपा प्रश्न त्यांना सर्वांत अवघड जातो. आणि ‘स्वतःचं नाव विसरलास का?’ हा त्यावरचा जगातला सर्वांत जुना विनोद, तो करणाऱ्याला दर वेळी नवा वाटतो.

सिनेमाला दोष देण्याआधी आपली भाषा तपासू. घाबरलेल्याची ‘बोबडी वळते’. चोरी पकडली गेली की चोराचं ‘त त प प’ होतं. म्हणजे पडद्यावर चित्र हलायला लागण्याच्या कितीतरी आधी भाषेनं ठरवून टाकलं होतं की अडखळणारा एकतर भ्यालेला असतो, नाहीतर काहीतरी लपवत असतो. आयुर्वेद त्या मानानं समंजस. सुश्रुतसंहितेत मूक, मिन्मिन आणि गद्गद हे वाणीचे विकार वातव्याधीत घातले आहेत, म्हणजे शरीराच्या खात्यात. स्वभावाच्या नव्हे. त्यातल्या ‘गद्गद’ला आपण पुढे ‘कंठ दाटून आलेला’ असा गोड अर्थ देऊन टाकला, हा भाग वेगळा.

आता पडदा. १९३५ साली अमेरिकेत वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनपटांत पॉर्की पिग नावाचं डुक्कर अवतरलं. ते तोतरं बोलायचं. त्याला आवाज देणारा ज्यो डॉगर्टी हा नट खरोखरच तोतरा होता. अडचण अशी झाली की त्याचं अडखळणं दिग्दर्शकाच्या हुकमात नव्हतं. कुठे अडेल आणि किती वेळ अडेल याचा नेम नाही; ध्वनिमुद्रण लांबायचं, खर्च वाढायचा. १९३७ साली त्याला काढून मेल ब्लँक या अस्खलित बोलणाऱ्या कलाकाराला घेतलं. तो हवं तिथे, हवं तितकंच अडखळून द्यायचा, आणि पॉर्की जगभर गाजला. खरा तोतरा परवडला नाही, नकली परवडला! मला विचाराल तर पडद्यावरच्या तोतरेपणाचा सगळा इतिहास या एका बदलीत आहे.

कारण खरं अडखळणं पडद्याच्या सोयीचं नसतं. पहिलं अक्षर तीन-चारदा येणं, हा त्याचा एक प्रकार झाला. दुसऱ्यात अक्षर ताणलं जातं. तिसऱ्यात काहीच ऐकू येत नाही : तोंड उघडलेलं, मान ताठ, डोळे मिटलेले, आवाज बंद. हा तिसरा प्रकार सर्वांत त्रासाचा. पण शांततेवर टाळी मिळत नाही, म्हणून नट पहिलाच उचलतो. ‘डर’मधलं (१९९३) शाहरुख खानचं ‘क-क-क-किरण’ आठवा. त्यानंतर कित्येक वर्षं गणेशोत्सवाच्या मांडवात एकही मिमिक्रीवाला त्यावाचून खाली उतरला नाही. त्या चित्रपटात अडखळणं हे वेडाचं लक्षण होतं. ‘अजब प्रेम की गजब कहानी’त (२००९) ते गोड प्रेमाचं लक्षण झालं, नायक-नायिका दोघंही भावना दाटली की अडखळतात. ‘गोलमाल ३’मध्ये (२०१०) ते नुसतं हशाचं यंत्र आहे. हॉलिवूडमध्ये तर कपटाचं चिन्ह : हॅरी पॉटरच्या पहिल्या भागातला क्विरल मास्तर तोतरेपणाचं सोंग घेऊन खलनायकी करतो आणि ‘प्रायमल फिअर’मधला (१९९६) तोतरा, गरीब बिचारा आरोपी शेवटी सगळ्यांना बनवून गेलेला निघतो. शेवट फोडल्याबद्दल माफी, पण चित्रपट जुना आहे.

वेड, प्रेम, हशा, कपट. अडखळणं सतत दुसऱ्याच कशाची तरी खूण. एखाद्या माणसाला चष्मा असावा तसा त्याला तोतरेपणा आहे, कथेशी त्याचा संबंध नाही आणि तो दुकानात जाऊन साखर मागतोय, हे दृश्य मी हिंदीत क्वचितच पाहिलंय. त्यातल्या त्यात विशाल भारद्वाजचा ‘कमीने’ (२००९) मला बरा वाटतो. शाहिद कपूरच्या जुळ्या भावांपैकी एक ‘स’चा ‘फ’ करतो आणि दुसरा, गुड्डू, अडखळतो. जुळ्यांना जोडीनं वाचादोष देणं ही क्लृप्तीच आहे, नाकारत नाही. पण गुड्डूला बुद्धी आहे, राग आहे, आणि अमोल गुप्तेनं रंगवलेल्या भोपेभाऊसारख्या मराठी पुढाऱ्याची बहीण त्याच्या प्रेमात आहे. त्याला मिळालेलं प्रेम दयेपोटी आलेलं नाही. आणखी गंमत सांगू? त्याच हिंदी चित्रसृष्टीत हृतिक रोशन आहे. आपण लहानपणापासून अडखळत होतो आणि बोलण्याचा कसून सराव करावा लागला, हे त्यानं स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. म्हणजे जो खरा अडखळतो त्यानं ते घासूनपुसून काढायचं आणि जे अस्खलित बोलतात त्यांनी ते नटवून दाखवायचं. पुन्हा पॉर्कीच!

सर्वांत चटका लावणारी गोष्ट मात्र इंग्लंडची आहे. १९८८च्या ‘अ फिश कॉल्ड वाँडा’ या विनोदी चित्रपटात मायकेल पॅलिननं केन नावाचा प्राणिप्रेमी तोतरा रंगवला. त्याचा साथीदार त्याच्या बोलण्याची नक्कल करतो, त्याला खुर्चीला बांधून नाकात बटाट्याचे तळलेले काप खुपसतो आणि त्याच्यादेखत त्याचे लाडके मासे गिळतो. प्रेक्षक लोटपोट. तोतऱ्यांच्या संघटनांनी निषेध केला. पॅलिनला त्या भूमिकेसाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला, छळणारी भूमिका करणाऱ्या केविन क्लाइनला ऑस्कर. आता दुसरी बाजू. पॅलिनचे वडील आयुष्यभर अडखळत बोलले. घरात त्याविषयी कोणी कधी चकार शब्द काढत नसे. पॅलिननं केन साकारला तो वडिलांना पाहत वाढलेल्या डोळ्यांनी, आणि पाहणाऱ्याला ते कळतं : केनची चिडचिड खरी आहे, शरम खरी आहे. चित्रपटानंतर अडखळणाऱ्या मुलांसाठी काम करणाऱ्यांनी त्याच्याकडे त्याचं नाव मागितलं. त्यानं दिलं. १९९३ साली लंडनमध्ये मायकेल पॅलिन केंद्र उघडलं. तिथे आजही मुलांवर उपचार होतात. ज्या नटाच्या भूमिकेवर निषेध झाला, त्याच्याच नावाच्या पाटीखालून ती मुलं आत जातात. यावर काय निकाल द्यायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

‘द किंग्ज स्पीच’ (२०१०) तुम्ही पाहिला असेल. इंग्लंडचा सहावा जॉर्ज राजा आणि त्याचा ऑस्ट्रेलियन उपचारक लायोनेल लोग. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर. पटकथाकार डेव्हिड सायडलर लहानपणी स्वतः अडखळायचा आणि याच राजाची भाषणं रेडिओवर ऐकून त्यानं धीर धरला होता. मोठेपणी त्यानं राजाच्या विधवेकडे परवानगी मागितली, तेव्हा उत्तर आलं की माझ्या हयातीत नको. त्या २००२ साली गेल्या, १०१ वर्षांच्या होऊन! तोवर सायडलर थांबला. त्या थांबण्याचं फळ पडद्यावर दिसतं. सुरुवातीला वेम्ब्ली मैदानात राजपुत्र ध्वनिक्षेपकापुढे उभा असतो आणि काहीच येत नाही. ती शांतता सगळ्या मैदानावर पसरते. तो तिसरा प्रकार, जो दाखवायला कोणी धजत नाही, तो इथे आहे. एक पदरची माहिती : यात आर्चबिशप झालेला डेरेक जेकोबी १९७६च्या ‘आय, क्लॉडियस’ या बीबीसी मालिकेत रोमचा तोतरा सम्राट क्लॉडियस होता. घरचे ज्याला वेडगळ समजून विसरले आणि म्हणून जो वाचला, तो क्लॉडियस.

चित्रपटात दोन गोष्टी मात्र सोयीच्या करून घेतल्या आहेत. राजपुत्र लोगकडे गेला तो १९२६ साली, आणि काही महिन्यांतच त्याचं बोलणं बरंच सुधारलं. चित्रपटात हे सगळं खूप पुढे, गादीच्या पेचाजवळ ओढून आणलं आहे. दुसरी जास्त खटकणारी : कडक बाप, क्रूर दाई, डावखुऱ्या हाताला लावलेलं वळण, ही जणू तोतरेपणाची कारणंच असल्यासारखी मांडली आहेत.

या समजुतीनं फार नुकसान केलंय. आई-वडिलांनी टोकल्यामुळे मूल तोतरं होतं, असं मानणारा एक मोठा संशोधक अमेरिकेत होऊन गेला, वेंडेल जॉन्सन. तो स्वतः तोतरा होता. १९३९ साली आयोवा राज्यातल्या एका अनाथाश्रमात त्याच्या देखरेखीखाली २२ मुलांवर प्रयोग झाला. त्यांतल्या काही नीट बोलणाऱ्या मुलांना ‘तुमच्यात तोतरेपणाची चिन्हं आहेत’ असं महिनोन्‌महिने सांगण्यात आलं. मुलं तोतरी झाली नाहीत. ती गप्प झाली. २००१ साली वर्तमानपत्रानं हे उघड केलं, विद्यापीठानं माफी मागितली आणि २००७ साली राज्य सरकारनं त्यांतल्या काहींना व काहींच्या वारसांना मिळून ९ लाख २५ हजार डॉलर भरपाई दिली.

आज चित्र बरंच स्पष्ट आहे. अडखळणं बहुधा दुसऱ्या ते पाचव्या वर्षाच्या दरम्यान सुरू होतं, ते अनेकदा घराण्यात चालत येतं आणि त्याचं मूळ मेंदूतल्या वाचेच्या जुळणीत असतं. २०१० साली शास्त्रज्ञांनी त्याच्याशी निगडित काही जनुकं दाखवून दिली. त्यासाठी पाकिस्तानातली मोठी कुटुंबं अभ्यासली होती. भीतीमुळे ते वाढतं, भीतीतून जन्मत नाही. सुरू झालेल्या मुलांपैकी बहुतेकांचं आपोआप जातं. उरतात ती एकूण लोकसंख्येत शंभरात एक. २०११च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटींच्या वर, म्हणजे आपल्या राज्यातच अकरा लाखांच्या आसपास माणसं झाली. पुरुष बायकांच्या चौपट.

आता तो सतरा नंबर. गाताना किंवा दुसऱ्यांबरोबर एका सुरात म्हणताना अडखळणं जवळजवळ नाहीसं होतं. बाहेरून ताल मिळाला की आतल्या जुळणीवरचा भार उतरतो. म्हणून संध्याकाळी सगळ्यांबरोबर बसून अख्खी रामरक्षा न अडता म्हणणारा मुलगा, पाहुण्यांनी नाव विचारलं की अडतो, आणि घरचे म्हणतात, ‘मघाशी बरं नीट बोलत होतास, आता नाटक कशाला?’ नाटक नसतं, मामा. माझ्या वर्गमित्रानं उपचारक नसताना, पुस्तक नसताना, अकराव्या वर्षी स्वतःवरचा उपाय शोधला होता आणि आम्ही बेचाळीस जण त्याला लबाड म्हणत होतो.

मग विनोद करूच नये का? करावा, पण तो कोणाच्या हातात आहे ते पाहावं. केरळचे पहिले मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबुद्रीपाद अडखळत बोलत. त्यांचा एक किस्सा सांगतात. कोणीतरी विचारलं, ‘तुम्ही नेहमीच असे अडखळता का?’ ते म्हणाले, ‘छे, फक्त बोलताना.’ असा माणूस हजारोंच्या सभा घेत होता, राज्य चालवत होता आणि त्याचं वाक्य संपेपर्यंत केरळ थांबत होता.

ता. क.चं उत्तर : आईंना सांगा, वेखंडानं तोतरेपणा जात नाही. तोंडात खडे धरूनही नाही. ती डेमॉस्थेनिस या ग्रीक वक्त्याची दंतकथा, तिच्या नादानं कोणी गारगोटी गिळू नये. जिभेखालचा दोरा कापूनही नाही. चांगला वाचाउपचारतज्ज्ञ मात्र खूप काही करू शकतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तीन-चार वर्षांचं मूल सहा महिन्यांहून जास्त अडखळत असेल तर आपोआप जाण्याची वाट न पाहता दाखवून आणावं. चौदाव्या वर्षी गेलं तरी उशीर झालेला नसतो. तिथे अडखळणं कमी तर होतंच, पण अडखळत का होईना हवा तोच शब्द म्हणायची सवयही लागते. ‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’ एवढं मात्र तुम्ही आजपासून बंद करा. हे त्यानं हजारदा ऐकलंय.

त्या दिवशी तो का उठून गेला, हे मला विचारण्यापेक्षा त्याला विचारलंत तर बरं. आणि त्याला एक निरोप द्या. या सदरासाठी पुढचा प्रश्न त्याच्याकडून हवा आहे, विषय कोणताही. पत्र चालेल. फोनवर विचारायचा असेल तर बुधवारी दुपारी कार्यालयात फोन मीच उचलतो. पलीकडून आवाज आला नाही तरी ठेवून देत नाही.